एकाच व्हीपीएसवर तीन वेब ॲप कशी चालवायची? तिन्हींना पोर्ट ८० हवंय

तुमची अडचण अशी दिसतेय: २ जीबी रॅमचा एक व्हीपीएस (भाड्यानं घेतलेला आभासी सर्व्हर) आहे, त्यावर जँगोचं (पायथॉनचं फ्रेमवर्क) एक ॲप, नोडचं (जावास्क्रिप्ट) एक आणि एक वर्डप्रेस चालवायचंय. पहिलं चालतं, दुसरं सुरू करायला गेलं की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’, म्हणजे ते पोर्ट आधीच कुणीतरी धरलंय. मग तीन सर्व्हर घ्यावे लागतील का?

अजिबात नाही. ८० (एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) ही दोन्ही पोर्ट एंजिनएक्स या वेब सर्व्हरला देऊन टाका (आमच्या ऑफिसात अर्धे लोक ‘एनजिंक्स’ म्हणतात, चालतं). बाकीच्यांनी आत बसायचं. जँगो गनिकॉर्नमार्फत (पायथॉन ॲप चालवणारा सर्व्हर) ८००१ वर, नोड ३००१ वर, आणि दोन्ही फक्त १२७.०.०.१ वर (मशीनचा स्वतःचा आतला पत्ता), म्हणजे बाहेरून थेट कोणी पोचणार नाही. वर्डप्रेसला पोर्टही लागत नाही, पीएचपी-एफपीएमचं (पीएचपी चालवणारा प्रोग्रॅम) सॉकेट पुरतं. वाड्यात बिऱ्हाडं कितीही असोत, दिंडीदरवाजा एकच. कुणाकडे जायचंय ते पाहुणाच सांगतो: ब्राउझर प्रत्येक रिक्वेस्टसोबत ‘होस्ट’ हे हेडर पाठवतो, त्यात डोमेनचं नाव असतं. एंजिनएक्स ते नाव आपल्या ‘सर्व्हर’ ब्लॉकांमध्ये शोधतो आणि ‘प्रॉक्सी पास’च्या ओळीत दिलेल्या पत्त्यावर रिक्वेस्ट धाडतो.

आता खरा मुद्दा. प्रत्येक ॲपला स्वतंत्र सबडोमेन (मूळ डोमेनच्या आधी जोडलेलं वेगळं नाव) द्या. एकाच डोमेनखाली ‘/हिशोब’, ‘/स्टॉक’ असे पाथ करायच्या फंदात पडू नका. मी पडलो होतो. एका ग्राहकाची जँगोची दोन ॲप अशीच लावली. दोन-चार दिवसांनी त्यांच्या अकाउंटंटचा फोन: “साहेब, स्टॉकमध्ये लॉगिन केलं की हिशोब मला बाहेर काढतो.” मी दोन दिवस सेशनचं टेबल आणि सर्व्हरचं घड्याळ तपासत बसलो. कारण भलतंच निघालं. जँगोच्या सेशन कुकीचं (लॉगिन लक्षात ठेवायला ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) नाव मुळात ‘सेशनआयडी’ आणि तिचा पाथ ‘/’. दोन्ही ॲप एकाच डोमेनवर, त्यामुळे एक दुसऱ्याची कुकी पुसून स्वतःची ठेवत होतं. पोर्ट वेगळं ठेवूनही हे सुटत नाही, कुकी पोर्ट बघतच नाही. कुकीची नावं बदलून ते मिटवलं, पण सबडोमेन घेतलं असतं तर ही वेळच आली नसती.

पाथमध्ये आणखी एक खोडी आहे. ‘प्रॉक्सी पास’च्या पत्त्यात पोर्टनंतर ‘/’ दिला, तर लोकेशनचा भाग कापून उरलेला पाथ ॲपकडे जातो. नाही दिला, तर आख्खा जातो. एका तिरप्या रेघेपायी ४०४ येतो आणि माणूस कोड तपासत बसतो.

हेडर विसरू नका. सांगितलं नाही तर एंजिनएक्स मागे होस्ट म्हणून ‘१२७.०.०.१:८००१’ पाठवतो आणि जँगो ‘अलाउड होस्ट्स’मध्ये (चालणाऱ्या डोमेनची यादी) ते नाव नाही म्हणून ४०० ही एरर फेकतो. त्यावर लोक तिथे सरळ ‘*’ टाकतात. तसं करू नका, ‘प्रॉक्सी सेट हेडर’ने मूळ होस्ट पुढे पाठवा. सोबत ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ही (माणूस एचटीटीपीवरून आला की एचटीटीपीएसवरून ते सांगणारं हेडर) पाठवा, आणि जँगोच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर’ लावा. नाहीतर ॲपला वाटतं माणूस एचटीटीपीवरून आलाय. एचटीटीपीएसची सक्ती चालू असेल तर ते त्याला परत एचटीटीपीएसवर पाठवतं, आणि ब्राउझर गरगरत राहतो. नोडच्या ॲपमध्ये वेबसॉकेट (ब्राउझरशी सतत उघडं राहणारं कनेक्शन) असेल तर ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ ही हेडरंही हातानं द्यावी लागतात.

आलेलं नाव कुठल्याच ब्लॉकशी जुळलं नाही, तर एंजिनएक्स त्या पोर्टवरचा पहिला ब्लॉक उघडतो. म्हणजे नव्या डोमेनचा डीएनएस फिरवला आणि कॉन्फिग लिहायचं राहिलं, की तिथे दुसऱ्याचीच साइट दिसते. ग्राहकासमोर डेमो देताना हे झालं की घाम फुटतो. एक ‘डिफॉल्ट सर्व्हर’ ब्लॉक लिहा आणि त्यातून ४४४ परत करा, कनेक्शन तिथेच तुटतं.

वर्डप्रेसवर मोठा फोटो चढवताना ४१३ आला तर दचकू नका: एंजिनएक्सची ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ (अपलोडची मर्यादा) मुळात १ एमबीच असते. ५०२ म्हणजे बहुतेक वेळा मागचं ॲप झोपलंय. ५०४ म्हणजे ते जागं आहे, पण ६० सेकंदांत उत्तर देत नाहीये. दोन्हींचं कारण एरर लॉगच्या शेवटच्या दहा ओळींत सापडतं.

डॉकर (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) वापरत असाल तर पोर्ट ‘१२७.०.०.१:३००१:३००१’ असंच लिहा. नुसतं ‘३००१:३००१’ लिहिलं तर यूएफडब्ल्यूने (लिनक्सची फायरवॉल) बंद केलेलं पोर्टही डॉकर जगाला उघडं करतो.

एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटसाठी सर्टबॉट हा प्रोग्रॅम पुरे. तो आणतो ते लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट कमी मुदतीचं असतं, तेव्हा नूतनीकरणाचा टायमर चालू आहे ना ते बघा. कॉन्फिग बदललं की आधी ‘एंजिनएक्स -टी’ (कॉन्फिग तपासायची कमांड), मगच रीलोड. रीस्टार्ट नको, चुकीचं कॉन्फिग असेल तर तिन्ही साइट एकदम झोपतात. आणि २ जीबीत वर्डप्रेसचा डेटाबेस मायएसक्यूएलही बसणार आहे, तेव्हा एखाद-दोन जीबीची स्वॅप फाइल (रॅम संपली की डिस्कवर वापरायची जागा) आजच करून ठेवा.