रणजी संघात नाव आलं, आता पुढे?

अभिनंदन रे! पण पहिल्या शतकावर भारताच्या टोपीचा हिशेब मांडू नकोस. अमोल मुझुमदारने १९९३-९४ मध्ये रणजी पदार्पणातच २६० धावा ठोकल्या, पुढे प्रथम श्रेणीत ११,००० च्या वर जमवल्या, तरी भारताकडून एकही सामना नाही. तरीही मुंबईनंतर आसाम, मग आंध्र, असा तो खेळतच राहिला. मला हे फार मोठं वाटतं.

तुझा कस लागेल चौथ्या दिवशी दुपारी. शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, वाकून मांड्या भरलेल्या, चेंडू मऊ, स्टँड रिकामं. तिथे झेल सोडू नकोस, कर्णधार ते विसरत नाही.

आणि पदवी पूर्ण कर. मानधन सामन्यागणिक मिळतं, अकरात नसलास तर निम्मंच.