कपाळावरचे ते दोन वळ

प्रश्न : माझा मुलगा नऊ दिवसांचा असताना त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दोन मोठ्या रक्तवाहिन्या उलट लागल्या होत्या, त्या बदलल्या. आयसीयूत त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळाच्या दोन्ही बाजूंना चौकोनी लाल वळ होते. ते कशाचे, हे विचारायचा धीर झाला नाही. आता तो साडेपाच महिन्यांचा आहे, पण मान अजून डुगडुगते. सासूबाई म्हणतात, मी ग्रहण पाळलं नाही. मला वाटतं, मशीनवर ठेवल्यामुळे मेंदूला काही झालं असेल. खरं काय?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मी सव्वीस वर्षं हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारा पंप, चालवलं. परफ्युजनिस्ट म्हणतात आम्हाला. तुमच्या बाळासारखी कितीतरी बाळं मी पंपावर घेतली, म्हणून आधी त्या वळांबद्दल सांगते.

ते चिकटपट्टीचे आहेत. आम्ही त्याला ‘निर्स’ म्हणतो. पट्टीतून निघणारा अवरक्त प्रकाश कवटीतून आत जातो आणि मेंदूतल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे, ते पडद्यावर दिसतं. आकडा घसरू लागला की आमचे हात चालू होतात. मान वळून शीर दाबली गेली का? नळी सरकली का? हिमोग्लोबिन उतरलं का? कार्बन डायऑक्साइड कमी झाला का? एकेक तपासायचं. ते वळ म्हणजे तुमच्या बाळाच्या मेंदूवर कोणीतरी सतत नजर ठेवून होतं.

मशीनचा परिणाम होतो का? होऊ शकतो, हे लपवणार नाही. 1988 ते 1992 मध्ये बॉस्टनला तुमच्या बाळासारखाच दोष असलेल्या 171 बाळांचा अभ्यास सुरू झाला. काहींना खूप गार करून रक्ताभिसरण पूर्ण थांबवलं, काहींचं मंद चालू ठेवलं. वर्षाची झाली तेव्हा पहिल्या गटातली मुलं हालचालीत मागे होती. 16व्या वर्षी दोन गटांत फारसा फरक उरला नव्हता, पण दोन्हींतल्या अर्ध्याहून जास्त मुलांना अभ्यासात किंवा वागणुकीत जादा मदत लागली होती. म्हणजे सगळं मशीनवर ढकलता येत नाही. या दोषात पोटात असतानाच मेंदूला ऑक्सिजन कमी मिळतो. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाचाही मेंदू एमआरआयमध्ये महिनाभर मागे दिसतो. यात ग्रहणाचा काही संबंध नाही आणि तुमचाही काही दोष नाही. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा.

आता मानेचं. साडेपाच महिन्यांत ती धरायला हवी होती. ‘ऑपरेशन झालंय, होईल हळूहळू’ म्हणत थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरातूनच सुरू झाला. त्यात अशा बाळांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं आहेत, उपचार मोफत असतात. सिव्हिल हॉस्पिटलात विचारा. कानांची तपासणीही मागा, या बाळांमध्ये ऐकण्याची अडचण सहज नजरेतून सुटते. छातीचं हाड एव्हाना जुळलं असणार, तरी पालथं घालायचं का हे सर्जनना एकदा विचारून घ्या. त्यांनी हो म्हटलं की दिवसातून चार-पाचदा, दोन-दोन मिनिटं, तुमच्या स्वतःच्या छातीवर पालथं घाला. तुमचा चेहरा बघायला तो मान उचलायची खटपट करेल.

जाताना डिस्चार्जचा कागद न्या. मशीनवर किती वेळ होता आणि किती गार केलं होतं, हे त्यात नसेल तर ऑपरेशन नोटची प्रत मागा.