भूमिका मिळण्याची वाट किती दिवस पाहायची?

पत्राचा सारांश: ताई, मी ४३ वर्षांचा नट, मालवण तालुक्यातला. पंधरा वर्षे मुंबईत मालिकांतून कामे केली; बहुतेक हवालदाराची, नोकराची. गेली तीन वर्षे एकही काम मिळालेले नाही. ऑडिशनचे व्हिडिओ पाठवतो, उत्तर येत नाही. आता गावी येऊन भावाबरोबर हापूसची बाग सांभाळतो. स्वतःच एक नाटक लिहून उभे करावे, असे मनात आहे. बागेवर सात लाखांचे कर्ज काढून, नाव असलेला नट मुख्य भूमिकेत घ्यावा आणि दुय्यम भूमिका मी करावी, असा विचार आहे. वडील दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांतल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, स्त्री पार्टी (बाईची भूमिका) करीत. आई म्हणते, "तुझ्या बापाशीन काय कमवल्यान, ता तू आता कमवतलस?" मी काय करू?

प्रिय बंधू,

नाटक अवश्य लिहा. मात्र तुमच्या बेतातील एक गोष्ट मला मनापासून खटकली. दुसऱ्यांनी भूमिका द्यावी म्हणून तुम्ही तीन वर्षे वाट पाहिलीत, आणि आता स्वतःच्या लेखणीतून, स्वतःच्या बागेच्या जिवावर जे नाटक उभे राहणार, त्यातलीही मोठी भूमिका तुम्ही दुसऱ्यालाच देऊन टाकता आहात. मग तुमचे काय बदलले? त्या नटाच्या तारखा मिळेपर्यंत पुन्हा फोनकडे पाहत बसणे तुमच्या नशिबी येईल, फरक एवढाच की या वेळी व्याजही चालू असेल.

तुमच्या पत्राचे तिसरे पान मी चार वेळा वाचले. जत्रेतले नाटक पहाटे संपल्यावर वडील देवळामागे दगडावर बसत, अंगावर साडी तशीच, केसांचा टोप मांडीवर. एका हाताने चहाचा पेला धरून दुसऱ्या हाताने खोबरेल तेलाने चेहऱ्यावरचा रंग पुसत, आणि पुसता पुसता त्यांचा आवाज हळूहळू तारामतीचा सुटून तुमच्या बाबांचा होत जाई, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्या साड्या आईच्याच होत्या, हेही तुम्ही जाता जाता एका वाक्यात सांगितले आहे. नाटकाच्या कथेचा जो आराखडा तुम्ही सोबत जोडला आहे, त्यात वारसाहक्काचा खटला आहे, मुंबईचा बिल्डर आहे, पण या पानाइतकी जिवंत एकही ओळ नाही. तुमचे नाटक या पानावर आहे, आणि ते एकट्याने करण्याजोगे आहे.

दशावतारात लिखित संहिता नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात. एक बाकडे हेच सिंहासन आणि तेच अरण्य. रात्रभर एवढ्याशा सामग्रीवर गाव खिळवून ठेवणाऱ्या माणसाचे तुम्ही चिरंजीव आहात, तेव्हा नेपथ्यावर लाखभर रुपये घालण्याची कल्पना मनातून काढून टाका. एकपात्री प्रयोग मराठीला नवा नाही. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' स्वतः लिहिले आणि त्यातली ५२ पात्रे एकट्याने उभी केली. तुमच्या बोलीला मालिकांत नोकरापलीकडे जागा मिळाली नाही, अशी तुमची तक्रार आहे. ती खरी आहे, परंतु गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली आले आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले, तेव्हा याच मालवणीसाठी महाराष्ट्रभर लोकांनी तिकिटे काढली.

आता पैशाचे. बागेवर कर्ज काढू नका. सातबारा सामाईक आहे, भाऊ तोंडावर काही बोलला नाही म्हणजे त्याची संमती आहे असे धरू नका. मुंबईला ऑडिशन पाठवत राहायला हरकत नाही, फक्त वर्षाचे गणित तिच्यावर बांधू नका. आंब्याचा हंगाम आटोपला की पावसाळ्यात दशावतार मंडळ्यांचे पेटारेही विसावलेले असतात. ते चार महिने तुमच्या लेखनाचे. वडिलांबरोबर काम केलेले नाईक (गाणारे सूत्रधार), हार्मोनियमवाले, पखवाजवाले अजून हयात असतील तर त्यांच्या घरी जाऊन बसा, आणि त्यांची हकीकत नाटकात येणार असेल तर त्यांना तसे आधी सांगा. गणपतीला चाकरमानी गावी आले की एका दुपारी पडवीत वीस-पंचवीस माणसांना बसवून वाचन करा. कुठे हालचाल होते, कुठे सगळे स्तब्ध होतात, हे पाहून पुन्हा लिहा. जाहीर प्रयोगापूर्वी संहिता राज्य शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. लिहिलेल्या मजकुराचा हक्क कायद्याने तुमचाच असतो. तरीही कॉपीराइटची नोंदणी करून ठेवा, वाद झाल्यास तो पुरावा होतो. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहाचा विचार पडवीतले दहा-बारा प्रयोग झाल्यावर करा.

या नाटकाने मुंबईची दारे उघडतील का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. तसे वचन मी देणार नाही. मुंबईला दाखवण्यासाठी म्हणून लिहायला बसलात, तर तो खटला आणि तो बिल्डर पुन्हा कथेत शिरतील, अशी मला भीती वाटते.

आईचे बोलणे मात्र तुम्ही नीट ऐकलेले नाही, असे मला वाटते. तुम्ही त्याला विरोध म्हणता. ज्या बाईने आपल्या ठेवणीतल्या साड्या नवऱ्याला नेसायला दिल्या, पहाटे त्यांवरचे रंगाचे डाग धुतले आणि तो काय घेऊन येतो याची वाट पाहिली, तिने हिशेब विचारला आहे. तो हिशेब नाटकात आला पाहिजे. लिहायला बसण्यापूर्वी एक संध्याकाळ तिच्याजवळ बसा आणि त्या साड्यांपैकी एखादी अजून पेटीत आहे का, ते विचारा. असेल आणि ती तुम्हाला प्रयोगात नेसायची असेल, तर आधी तिची परवानगी घ्या.

तुमची,
ताई