मोहीम तोंडावर आणि बँकेने खातं अडवलंय: आमचा अनुभव

ताई, तुम्ही विचारलंय की दान उत्सवात, म्हणजे २ ते ८ ऑक्टोबरच्या देणगी सप्ताहात, वस्तीत देणगी गोळा करायची आहे, पण विश्वस्त बदलल्यामुळे बँकेने खातं अडवलंय. तोवर एखाद्या कार्यकर्त्याच्या क्यूआरवर पैसे घ्यावेत का? अजिबात घेऊ नका.

आम्ही इथे नागपुरात मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, भरती असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना जेवण देतो. गडचिरोली, चंद्रपूर, पार बालाघाटहून आलेले लोक असतात. खर्च चालतो तो प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅट स्कीममधून, म्हणजे सोसायट्यांमधून, मिळणाऱ्या शंभर-दोनशेच्या देणग्यांवर. नेमकं मोहिमेच्या दिवसांत आमचंही खातं गोठलं. एका स्कीमच्या गेटजवळ टेबल मांडलं होतं. एक काकू चष्मा वर करून क्यूआर स्कॅन करत होत्या आणि पुन्हा पुन्हा ‘पेमेंट फेल’ येत होतं. मागे रांग. काकूंनी फोन पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, ‘संस्था खरी आहे ना रे बाबा?’ बँकेने आमचं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते हे. पैसे नंतर येतात, पण हा प्रश्न एकदा पडला की स्कीमभर फिरतो.

आमचा विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत दाखल होता. त्याचा आदेश यायला वेळ लागतो, हे संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शाखेत मात्र एकच पालुपद: ‘नवीन नावांचा शेड्यूल वनचा उतारा आणा,’ म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतली विश्वस्तांची नोंद. का अडवलं ते लेखी द्या म्हटलं, तर साहेब जागेवर नाहीत. भुकेल्या माणसाला थांब म्हणायला यांचं काय जातं! शेवटी विश्वस्तांचा ठराव, बदल अर्जाची पोच आणि जुन्या-नव्या सगळ्यांचं केवायसी एका अर्जाला जोडून शाखेत दिलं, अर्जाच्या प्रतीवर शिक्का-तारीख घेतली आणि तीच प्रत बँकेच्या वरच्या कार्यालयाला तक्रार म्हणून पाठवली. मग हालचाल झाली. तुमच्या बँकेत हेच चालेल असं नाही. मी वकील नाही, सीएही नाही.

खाजगी क्यूआर नको, कारण ते पैसे त्या माणसाचे म्हणून दिसतात, संस्थेच्या हिशोबात नीट बसत नाहीत आणि उद्या बोट त्याच्याकडेच जातं. खातं सुटेपर्यंत चेक घेऊन ठेवा किंवा सरळ वस्तू मागा. आम्ही तांदूळ, तूरडाळ, तेल मागितलं; दारावर यादी लावली की लोक आनंदाने देतात. वस्तूंचीही पावती फाडा, फक्त त्यावर ८०जी, म्हणजे देणगीदाराला मिळणारी आयकरातली सवलत, मिळत नाही हे आधीच सांगा.

रोख घेतलीत तर २,००० रुपयांच्या वर ८०जीची सवलत नाही, आणि नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ती मुळातच नाही. ज्यांना हवी त्यांचा पॅन टेबलावरच लिहून घ्या. नंतर फोन करून मागितला तर लोक बिचकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

अजून एक. कुणाचा मुलगा अमेरिकेतून पैसे पाठवतो म्हणाला तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. तिथलं नागरिकत्व घेतलेलं असेल तर ती विदेशी देणगी होते आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही.

अर्जाचा आमचा मसुदा हवा असेल तर सांगा, नावं काढून इथेच टाकतो.