दसरा, गांधी जयंती आणि काउंटरवरची सुट्टी

प्रश्न : ताई, मी सांगलीत एका मोठ्या कापड दुकानात साड्यांच्या काउंटरला आहे. आम्ही सत्तावीस जण आहोत. मला तेरा हजार पगार. २६ जानेवारीला सेल असतो म्हणून सकाळी नवालाच बोलावतात. २०२५ साली गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आले, तेव्हा रात्री दहापर्यंत उभी होते. सुट्टीचं विचारलं तर शेठ म्हणाले, "कॅलेंडरातलं लाल सरकारी लोकांसाठी, दुकानाला कसली सुट्टी?" माझ्या जाऊबाई चार घरची धुणीभांडी करतात, त्यांनाही १५ ऑगस्टला जावंच लागतं. आमचा काही हक्क आहे का?

उत्तर : शेठ म्हणाले त्यातलं अर्धं खरं आहे. कॅलेंडरातल्या बहुतेक लाल तारखा राज्य सरकार १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्याखाली, जाहीर करतं. बँका आणि सरकारी कचेऱ्या त्यामुळे बंद राहतात. गुढीपाडवा किंवा मोहरम लाल दिसला म्हणून कापड दुकानदारावर काही सक्ती येत नाही.

पण तुमच्यासाठी वेगळा कायदा आहे. ज्याला आपण अजून 'गुमास्ता' म्हणतो, त्या दुकाने व आस्थापना कायद्याचं २०१७ चं नवं रूप. त्यात कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार पक्क्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. सांगलीत गणपती, दसरा, दिवाळी घ्या, ईद घ्या, जे तुमच्यातल्या माणसांचे सण असतील ते.

या दिवशी कामाला बोलावताच येत नाही असं नाही. बोलावलं तर सरासरी रोजाच्या दुप्पट पैसे द्यायचे आणि वर दुसऱ्या एखाद्या दिवशी बदली सुट्टी द्यायची. तुमचा तेरा हजार पगार सव्वीस दिवसांनी भागला तर रोज पाचशे पडतो, म्हणजे २६ जानेवारीचा हिशेब एक हजाराचा. सेलच्या दिवशी दुकानाचा गल्ला भरतो तो तुम्ही घड्या उलगडून दाखवता म्हणूनच ना? मग हे पैसे मागताना संकोच करू नका. रविवारची सुट्टीसुद्धा मुंबईच्या गिरणी कामगारांना आपोआप मिळाली नव्हती, नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं मागे लागले तेव्हा १८९० मध्ये ती मिळाली.

आता दसऱ्याचं. २ ऑक्टोबर पक्की सुट्टी, ती तुमचीच. दसरा मात्र मिळून ठरवायच्या चार सणांतला एक म्हणून आधी ठरला असेल तरच सुट्टी. दोन्ही एका दिवशी आले की तुमची एक सुट्टी सरळ बुडते. म्हणून डिसेंबरातच नव्या वर्षाचं कॅलेंडर समोर घेऊन बसा, पक्क्या चार तारखांवर न येणारे सण निवडा आणि यादीवर शेठची सही घ्या. तोंडी ठरलेलं ऐन सीझनमध्ये कुणाला आठवत नाही. हे एकटीने करू नका, चार-पाच जणी मिळून जा. त्या दिवशी कामावर होतात याची नोंद हजेरीपत्रकात आहे ना, तेही पाहा. नसेल तर स्वतःच्या वहीत येण्याजाण्याची वेळ लिहून ठेवा. ऐकलंच नाही तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

एक गोष्ट मला खटकते, ती सांगतेच. हा कायदा दहा किंवा जास्त माणसांच्या दुकानांना होता. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. तुम्ही सत्तावीस आहात म्हणून निभावलं. शेजारच्या बारा माणसांच्या दुकानातल्या मुलीचे पाय काही कमी दुखत नाहीत, मला हा निर्णय मुळीच पटलेला नाही.

लोकसभा-विधानसभेच्या मतदानाची सुट्टी मात्र दुकान केवढंही असो, मिळायलाच हवी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ब कलमात ती आहे, रोजंदारीवाल्यांनाही आहे, आणि त्या दिवसाचा पगार कापता येत नाही.

जाऊबाईंना सांगण्यासारखं माझ्या हाती फार थोडं आहे, याचं वाईट वाटतं. घरकामगारांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण १५ ऑगस्टची भरपगारी सुट्टी त्यांना कोणत्याच कायद्याने दिलेली नाही. मंडळात नाव नोंदवलं नसेल तर आधी ते करायला सांगा. चारही घरी एकाच आठवड्यात बोलावं : महिन्याला दोन सुट्ट्या, शिवाय त्या चार पक्क्या तारखा, पैसे न कापता. आणि हे वाचणाऱ्या ज्या घरी लाल तारखेला सगळे आरामात उशिरा उठतात, त्यांना माझी विनंती आहे. त्या दिवशीची भांडी आपली आपण घासा, आणि बाईंना 'उद्या येऊ नका' हे आदल्या दिवशी तुम्हीच सांगा, त्यांना विचारायला लावू नका.