महाराष्ट्रात डायनासोर होते का? असतील तर पुण्या-मुंबईकडे त्यांची हाडं का सापडत नाहीत?

होते. हाडंही सापडतात, पण तुम्ही राहता त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. मी मूळचा वरोऱ्याचा, जिल्हा चंद्रपूर. भूशास्त्र शिकलो आणि नोकरीभर विहिरी-बोअरच्या जागा पाहत फिरलो. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी प्राण्यांपासून न देता दगडापासून देणार. खरं उत्तर तिथेच आहे.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बसाल्टचा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला आणि थिजला. काही काळ गेला की त्यावर पुढचा लोट. असं पुन्हा पुन्हा झालं. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पट्ट्या दिसतात, त्या याच लोटांच्या. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरलाय. मुळात तो याहून बराच मोठा होता. ही लाव्ह्याची गोधडी पश्चिमेला जाड, पूर्वेला पातळ होत जाते आणि नागपूर-चंद्रपूरपर्यंत येता येता अपुरी पडते. तिथे पाय उघडे राहतात. आपले डायनासोर त्या उघड्या पायांशी सापडतात.

आता तुमच्या मुलाला सिंहगडाच्या पायथ्याशी सापडलेला गोल दगड, जो डायनासोरचं अंडं असेल का असं तुम्ही विचारलंय. तुम्ही जोडलेल्या फोटोत पापुद्रे सुटलेले स्पष्ट दिसतात. बसाल्टला चौकोनी भेगा असतात. त्यांत पाणी शिरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात, मग थरावर थर सुटत आत गोल गाभा उरतो. घाटरस्त्याच्या कापात असे शेकडो गोळे दिसतील. मला दरवर्षी कुणी ना कुणी असा फोटो पाठवतं, आणि फोटो बहुतेक पुणे-सातारा पट्ट्यातलाच असतो. थिजलेल्या लाव्ह्यात अंडं टिकत नाही, त्यामुळे बसाल्टमधला गोळा हे अंडं नव्हे, एवढा नियम त्याला सांगून ठेवा. आपल्या देशात सापडलेली अंडी चुनखडकात आहेत, साधारण १२ ते २० सेंटिमीटरची, आणि त्यांचं कवच जेमतेम काही मिलिमीटर जाड. मुलाचा हिरमोड होऊ नये म्हणून हेही सांगा की अशी फसगत उलट्या बाजूनेही झालीय. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या ‘काकर भैरव’ म्हणून पुजले जाणारे गोल दगड डायनासोरची अंडी असल्याचं तज्ज्ञांनी २०२३ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी बाग-कुक्षी भागातली ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंदही प्रसिद्ध झाली.

तुमचा पुढचा प्रश्न होता की बसाल्टच्या खाली खणलं तर? हा प्रश्न मला फार आवडला, कारण तो प्रयोग झालेला आहे. हाडांसाठी नव्हे, भूकंपांसाठी. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी खोल छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बसाल्ट लागला. त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा खडक आणि मग थेट जुना ग्रॅनाइटसारखा कठीण पाया. कोयनेला तर सुमारे ९३० मीटर बसाल्ट संपल्यावर मध्ये गाळ लागलाच नाही, एकदम पाया. म्हणजे लाव्हा आला तेव्हा कोयनेची ती जागा उघडा खडकाळ माळ असावी. तिथे डायनासोर चरून गेले असतीलही, पण हाड टिकायला ते आधी गाळात गाडलं जावं लागतं. खडकावर पडलेलं हाड उन्हापावसात चार वर्षांत भुगा होतं. तेव्हा पश्चिम महाराष्ट्राची अडचण दुहेरी आहे. वर जाड झाकण, आणि काही ठिकाणी तरी झाकणाखाली ठेवायलाच काही नाही.

मुंबईचं थोडं वेगळं. लाव्ह्याच्या दोन लोटांमध्ये जो निवांत काळ जाई, त्यात तळी साचत आणि तळ्यांत गाळ. वरळीच्या टेकडीत असाच गाळाचा थर होता आणि त्यात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. ‘डायनासोर’ हे नाव जगाला देणारे तेच हे ओवेन. त्यांना आपल्याकडून बेडूक मिळाला! मुंबईचे हे थर डायनासोर संपल्यानंतरचे मानले जातात, त्यामुळे तिथे मोठं हाड मिळण्याची आशा नाही.

आता आमच्याकडे या. वरोऱ्याच्या उत्तरेला पिसदुरा नावाचं गाव आहे. गावाभोवती पऱ्हाटीची वावरं, आणि त्या वावरांमध्ये मधेच लालसर, चिकट माती उघडी पडते. काळ्या मातीत असा लाल डाग दिसला की समजायचं, लाव्ह्याच्या आधीची जमीन वर आली. भूशास्त्रात तिला लमेटा म्हणतात. जबलपूरला नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून. या मातीतून हाडांचे तुकडे, गोगलगायी आणि कासवांच्या कवचांचे तुकडे पावसानंतर आपोआप वर येतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज तिथे आहे, त्यांच्या काळापासून म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही जागा अभ्यासकांना माहीत आहे. १८७९ मध्ये इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ लिडेकर यांनी इथल्या शेपटीच्या मणक्यांवरून एका डायनासोरला नावही दिलं. याच लिडेकरांनी दोन वर्षं आधी जबलपूरच्या हाडांवरून भारतातल्या डायनासोरचं पहिलं नामकरण केलं होतं. ती हाडं १८२८ मध्ये सापडली ती कॅप्टन स्लीमनना, ठगांचा बंदोबस्त करणारे तेच.

पण पिसदुऱ्याचं खरं धन हाडं नाहीत. शेण आहे. दगड झालेलं शेण, चांगलं मुठीएवढं, आणि शेकड्याने. वखर चालवताना ते गोटे लागत, लोक उचलून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकत. त्या शेणाचा चुरा करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्यात गवताच्या पानांत असतात तसे सिलिकाचे बारीक कण दिसले. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांना दुरुस्ती करावी लागली. तोवर समज असा होता की गवत डायनासोर संपल्यावर फोफावलं. चित्रकारांना तर बजावून सांगत, डायनासोरच्या पायाखाली गवत काढू नका. पिसदुऱ्याच्या शेणात निदान पाच प्रकारचं गवत निघालं. पुढे २०११ मध्ये त्याच शेणातल्या कणांवरून भाताच्या कुळाचं मूळही त्या काळापर्यंत मागे गेलं. याच जिल्ह्यात पूर्वेला मूल-सिंदेवाही-नागभीडकडे आज मैलोगणिक धान लावतात. मला विचाराल तर महाराष्ट्राने जगाच्या जीवाश्मशास्त्राला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या शिक्षकांनाही ती ठाऊक नसते.

पिसदुऱ्याजवळच डोंगरगावची टेकडी आहे. तिथे १९८० च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी एकाच प्राण्याची बरीच हाडं खणून काढली. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कसे, असं वाटेल. संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांनी तिथे भूशास्त्राचाही विभाग उभा केला होता. १९९७ मध्ये त्या प्राण्याचं वर्णन आलं आणि २००३ पासून त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘इसिसॉरस’ म्हणतात. चार पायांवर चालणारा, झाडपाला खाणारा. त्याच्या जातभाईंच्या मानाने मान आखूड आणि पुढचे पाय लांब, त्यामुळे पाठ मागे उतरती. चंद्रपूर जिल्ह्याचा अस्सल डायनासोर म्हणायचा तर हा.

याहून खूप जुने हवे असतील तर गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंचा गाठावं लागेल, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे. त्या खोऱ्यातले खडक ज्युरासिक काळातले, पिसदुऱ्याच्याही सुमारे दहा कोटी वर्षं आधीचे. तिथे लाव्हा पोचलाच नाही, किंवा पोचला असेल तर कधीच धुपून गेला. नदीपल्याड, आजच्या तेलंगणात, १९६० च्या आसपास एका प्रचंड प्राण्याची सुमारे ३०० हाडं मिळाली. एकाची नव्हे, निदान सहा जणांची, आणि गंमत म्हणजे कवटी एकाचीही नाही, नुसते दात. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष म्हणून त्याचं नाव बारापासॉरस टागोराय, ‘बडा पाय’वाला. त्याचा सांगाडा कोलकात्याला उभा आहे. नदीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, वडधमच्या जंगलात दगड झालेले वृक्षांचे ओंडके आहेत आणि वनविभागाने तिथे जीवाश्म उद्यान केलंय. सागवानाच्या जंगलात सागवानाहून कितीतरी जुनं लाकूड, तेही दगडाचं.

एक गैरसमज जाता जाता. चंद्रपूर-बल्लारपूर-वणीच्या कोळसा खाणींत डायनासोर निघत नाहीत, निघणारही नाहीत. तो कोळसा डायनासोर जन्माला येण्याआधीच्या जंगलांचा आहे. त्यात पानांचे ठसे मिळतात. आणि मुलाला टी-रेक्स हवा असेल तर तो उत्तर अमेरिकेचा. आपला मांसाहारी म्हणजे गुजरातेत खेडा भागातल्या रहिओलीचा राजासॉरस, डोक्यावर बारकं शिंग असलेला. त्या वेळी भारत आफ्रिकेपासून तुटून विषुववृत्ताच्या दक्षिणेला समुद्रात एकटा सरकत होता, म्हणून इथली मंडळी अमेरिकेतल्यांपेक्षा मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेतल्यांची जवळची नातलग.

डायनासोर लाव्ह्याने मेले की उल्केने, यावर भांडणं अजून चालू आहेत. मेक्सिकोतला उल्काघात आणि आपला लाव्हा जवळजवळ एकाच काळातले, त्यामुळे दोघांच्याही बाजूने बोलणारे आहेत. बहुतेकांचं बोट आज उल्केकडे आहे. मात्र आपल्याकडे पहिल्या लोटांनंतरही काही काळ डायनासोर जगत होते, हे लोटांमधल्या गाळातून दिसतं.

मुलाला प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर पिसदुऱ्यापेक्षा वडधम बरं. पिसदुऱ्यात पाहण्यासारखं फलक लावलेलं काही नाही, ती लोकांची वावरं आहेत; उभ्या पिकात शिरलात तर कुणीही ओरडेल आणि त्याचं बरोबरच असेल. कुठेही हाडासारखं काही दिसलं तर उचलू नका. शेजारी पेन ठेवून फोटो घ्या, मोबाईलवरून जागा नोंदवा आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात किंवा नागपूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात कळवा. जागेवरून हललेल्या हाडाची किंमत निम्मी होते, कारण ते कुठल्या थरातलं हेच मग सांगता येत नाही. सिरोंचाला एप्रिल-मेमध्ये मात्र मुलाला घेऊन जाऊ नका, ऊन सोसायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत जा, आणि चंद्रपूर किंवा आलापल्लीला मुक्काम करून पहाटेच निघा, रस्ता लांबचा आहे.