बाण सरळ की तिरका?

प्रश्न: एका पुस्तकात इलेक्ट्रॉनचा स्पिन सरळ उभ्या बाणाने दाखवलाय. दुसऱ्यात तोच बाण शंकूच्या कडेला तिरका टेकलाय आणि बाजूला ५४.७ अंश लिहिलंय. खरी आकृती कोणती? आणि बाण ‘वर’ म्हणजे नक्की कुठे?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: मी फळ्यावर चेंडू काढून त्यातून वर जाणारा बाण काढला होता, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, वही आडवी धरली तर?’’ वर्ग हसला, मीही हसलो. प्रश्न मात्र नेमका होता.

स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगभूत कोनीय संवेग; त्यामुळे तो छोट्या चुंबकासारखा वागतो. त्याचा ‘वर’ कुठे हे इलेक्ट्रॉन ठरवत नाही, आपण लावलेलं चुंबक ठरवतं. १९२२ साली श्टेर्न आणि गेरलाख या भौतिकशास्त्रज्ञांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला; या अणूचा बाण म्हणजे त्यातल्या एका सुट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन. बाण वाटेल त्या दिशेला असते, तर काचेवर एकच पसरट डाग पडला असता. झोत दोन भागांत फुटला. आता त्यातला फक्त ‘वर’चा झोत घ्या आणि ९० अंशात वळवलेल्या दुसऱ्या चुंबकातून सोडा. निम्मे अणू डावीकडे, निम्मे उजवीकडे! आधीच्या ‘वर’चा इथे काही उपयोग होत नाही. म्हणून आकृतीत आधी अक्ष शोधा. तो नसेल तर बाण ही नुसती खूण समजा. रसायनशास्त्रात इलेक्ट्रॉनची मांडणी दाखवणाऱ्या चौकटींमधले बाण असेच असतात.

शंकू थोडं जास्त सांगतो. स्पिनच्या कोनीय संवेगाचं एकूण मान ०.८६६ एच-बार (एच-बार हे अणूंच्या जगातलं कोनीय संवेगाचं माप), पण निवडलेल्या अक्षावर मोजलं तर मिळतो ०.५ एच-बारच. ०.५ ला ०.८६६ ने भागा, बाण आणि अक्ष यांच्यातल्या कोनाचा कोसाइन ०.५७७ येतो, म्हणजे तुमचा ५४.७ अंश. बाण अक्षाशी पुरता जुळतच नाही. तो शंकूवर नेमका कुठे, याला मात्र उत्तर नाही; उरलेल्या दोन दिशांचे घटक ठरलेलेच नसतात. बाण शंकूभोवती गरगरतोय असं दाखवणारी वक्र रेघ काही पुस्तकांत असते. अशा ठरलेल्या ‘वर’ स्थितीसाठी ती मला खोडावीशी वाटते.

तेव्हा दोन्ही आकृत्या चालतील. चेंडू तेवढा काढू नका. १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउड्स्मिट यांनी स्पिनची कल्पना मांडली, तेव्हाच ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्ट्झ यांनी हिशेब दाखवला होता: असा चेंडू खरंच फिरत असता, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशापेक्षा जास्त झाला असता. हे ठाऊक असूनही मी तो वर्षानुवर्षं काढत राहिलो, कारण खडूने गोल चटकन जमतो.